रविवार संपूर्ण मोकळा ठेवायचा की त्याचंही वेळापत्रक आखायचं?

बावखल (वसई)
शनिवारी रात्री फोनवर पुढचा आठवडा लावत होतो. पंधरा-पंधरा मिनिटांचे खण. त्यात ‘स्टेटस कॉल’च्या खाली ‘प्रार्थना, ६.१० ते ६.२५’. दोन्हींचा रंग एकच, दोन्हींपुढे बरोबरची खूण करायची सोय. हे मला मनापासून खटकतं. प्रार्थना उरकायची गोष्ट झाली की ती प्रार्थना राहत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सहा दिवस हवं तेवढं नियोजन करा, रविवारी अजिबात नको. मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), घरचं जेवण, कोणाकडे तरी जाऊन बसणं, बस्स. मुलांचे क्लास नकोत, ऑफिसचे मेल नकोत आणि मिस्सेनंतर एकामागून एक लागणाऱ्या धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या परिसरातल्या समाजाच्या) सभाही नकोत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये ‘दिएस दोमिनी’ हे पत्र खास रविवारवरच लिहिलं. रविवार नुसता ‘वीकेंड’ होऊ देऊ नका, हा त्यातला आग्रह आज जास्तच लागू पडतो. आपल्या आजी-आजोबांचं आयुष्य संथ होतं, म्हणून त्यांना देवासाठी वेळ होता.

पहाटेची लोकल
दादा, शेवटचं वाक्य अजिबात पटलं नाही. माझी आजी मोगऱ्याच्या कळ्या खुडून पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जायची. गाडी चुकली तर माल पडून. त्यात संथ काय होतं? तिचा दिवस तुमच्या कॅलेंडरपेक्षा घट्ट बांधलेला होता, फक्त तो लिहिलेला नव्हता.

मी नर्स आहे. महिन्यातले काही रविवार ड्यूटीतच जातात. तेव्हा शनिवार संध्याकाळची मिस्सा गाठते, चर्चच्या नियमाने ती रविवारचीच धरली जाते. पण ती गाठायची तर गुरुवारीच कोणाशी तरी शिफ्ट बदलून घ्यावी लागते. म्हणजे नियोजनच ना? रोजची जपमाळही तशीच. नायगाव सुटून खाडीचा पूल लागला की पर्समधून माळ काढते. बोरिवलीला गर्दी आत घुसेपर्यंत माळेतल्या पाचपैकी तीन रहस्यं (भाग) होतात, उरलेली दोन परतीच्या गाडीत. ही जागा ठरवून घेतली नसती तर तीही झाली नसती.

आणि ‘घरचं जेवण’ तुम्ही एका शब्दात लिहून टाकलंत. ते वाटण कोण वाटतं? रविवार मोकळा ठेवा म्हणणाऱ्याचा रविवार बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी मोकळा करून दिलेला असतो.

नगरवाला
मी प्रॉटेस्टंट, आमच्याकडे मिस्सा नाही, उपासना. पण प्रश्न तोच आहे.

वेळेची शिस्त आणि श्रद्धा यांचं वैर आहे असं मला वाटत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिला, त्यात प्रार्थना, श्रम, वाचन, झोप सगळ्याच्या वेळा बांधून दिल्या आहेत. घंटा ऐकू आली की हातातलं काम अर्धवट टाकून प्रार्थनेला निघायचं, हेही त्यात आहे. फरक इथेच पडतो. मठातली घंटा काम थांबवायला वाजायची, आपला फोन काम सुरू करायला वाजतो. त्यामुळे बावखल, खण पाडण्यात चूक नाही. प्रार्थनेच्या खणात कॉल आला तर कोण माघार घेतं, ते बघा.

अजून एक. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी आपोआप मिळाली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, तेव्हा १८९० मध्ये मिळाली. विश्रांती एकेकट्याने ठरवून मिळत नाही, सगळ्यांनी मिळून धरावी लागते.

बावखल (वसई)
नगरवाला, तेच तर म्हणतोय. मी एकट्याने फोन बंद केला तर टीममधला दुसरा कोणीतरी भरडला जातो. म्हणूनच धर्मग्रामाने तरी सुरुवात करावी आणि रविवारच्या सभा बंद कराव्यात.

ताई, इस्पितळाचं वेगळं आहे. शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी) बैल विहिरीत पडला तर तुम्ही तो लगेच काढणार नाही का, असं येशूनेच विचारलंय. वाटण पुरुषांनी वाटावं, हे मान्य, आणि तेवढ्यावर थांबू नये. पण ठरवून घेतलेल्या वेळेतच देव भेटतो, हे मी मानणार नाही. येशू घरी आला तेव्हा दोघी बहिणींपैकी मार्था कामात गुंतली, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. उत्तम वाटा कोणी निवडला, ते येशूने सांगितलं आहे.

पहाटेची लोकल
मार्थाचं नाव निघणार हे माहीत होतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगात येशू तिला समजावतो, पण तिच्या मदतीला कोणी उठल्याचं लिहिलेलं नाही. आणि योहानाचा अकरावा अध्यायही वाचा. भाऊ लाजर मेल्यावर येशू येतोय कळताच उठून सामोरी गेली ती मार्था. ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ हे तिथे तिच्याच तोंडून येतं. कामाच्या धबडग्यात असणाऱ्या बाईची श्रद्धा उथळ असते, असं शुभवर्तमान कुठेच म्हणत नाही.

सभांचं म्हणाल तर त्या बंद करायला माझा विरोध आहे. आमच्या महिला मंडळातल्या बऱ्याच जणींना आठवड्यात घराबाहेर, आपल्या बरोबरीच्या बायकांत बसायला मिळणारा तेवढाच एक तास आहे. तो काढून घेऊन त्यांना परत स्वयंपाकघरात पाठवणार असाल, तर आधी त्यांना विचारा.