जवसाचे तेल, गंधक आणि तांब्याची पट्टी
वनस्पती तेल हवेने चिकट होते म्हणून ते यंत्रांना निरुपयोगी, असे मत अनेकदा ऐकू येते; प्रक्रिया न केलेल्या तेलापुरते ते मान्य आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आम्ही जवसाचे तेल तसेच वापरून पाहिले तेव्हा लेथच्या (धातू कातण्याच्या यंत्राच्या) बेडवर वार्निशासारखा पिवळसर थर बसला होता. मात्र तेलाच्या रेणूंतील कार्बन अणूंमधल्या ज्या दुहेरी बंधांमुळे असे घडते, त्यांनाच उष्णता देऊन गंधक जोडला की कटिंग ऑइलसाठी (धातू कापताना सोडायच्या तेलासाठी) उत्तम ॲडिटिव्ह, म्हणजे त्यात मिसळायचा पूरक पदार्थ, मिळते, कारण हत्याराच्या टोकाशी तापमान वाढताच तो गंधक लोखंडाशी संयोग पावून लोहसल्फाइडचा पातळ थर देतो आणि धातूला धातू चिकटत नाही. पितळेच्या कामाला असे गंधकयुक्त तेल वापरण्यापूर्वी तांब्याची घासलेली पट्टी १०० अंश सेल्सिअसच्या त्या तेलात ३ तास अवश्य ठेवून पाहावी. ती काळी पडली, तर तेलातील सक्रिय (धातूशी सहज संयोग पावणारा) गंधक पितळेलाही डागाळणार.