मानेच्या शस्त्रक्रियेची चाचणी शेळीवर का?

प्रश्न : मानेच्या मणक्यांमधील चकती छोट्या छेदातून, दुर्बिणीने काढण्याचे तंत्र आधी शेळ्या-मेंढ्यांवर का तपासतात? चार पायांच्या प्राण्याची मान आपल्यासारखी कशी मानायची?

उत्तर १ : शेळीच्या मानेतही ७ मणके असतात आणि ती मान बराच वेळ उभी धरते, त्यामुळे चकतीवर उभा दाब येतो. मात्र तिचे हाड अधिक घट्ट असल्याने, चकती काढल्यावर मणके जोडायला बसवलेला आणि तिच्यात टिकलेला स्क्रू वृद्ध रुग्णाच्या ठिसूळ हाडातही टिकेल, असे मानणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ता : मग मृतदेहावरील सराव पुरेसा नाही का?

उत्तर २ : छेदाची वाट मृतदेहावर ठरवता येते, रक्तस्राव आणि हाड जुळणे मात्र जिवंत शरीरातच कळते. तरीही प्राण्यांवरील प्रयोग कसे करावेत यावर लिहिणाऱ्या रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सांगितल्याप्रमाणे प्राण्यांची संख्या आणि वेदना कमीत कमी ठेवलीच पाहिजे. पुरेशा वेदनाशामकांविना केलेली चाचणी मी मान्य करणार नाही.