सायबर सुरक्षेतील पदव्युत्तर पदवी निवडताना ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाचा अर्थ काय घ्यावा?

कोरी पाटी यांचा प्रश्न

नमस्कार. गेली चार वर्षे मी नेटवर्क प्रशासनाचे काम करीत आहे. फायरवॉलचे नियम लिहिणे, व्हीपीएन सांभाळणे, अवेळी बंद पडलेला स्विच पुन्हा उभा करणे ही कामे आता अंगवळणी पडली आहेत. परंतु एखाद्या घुसखोरीचा मुळापासून तपास करण्याची वेळ आली की आपला पाया कच्चा असल्याचे जाणवते. म्हणून सायबर सुरक्षेत पदव्युत्तर पदवी घेण्याचे ठरवले आहे. संगणकशास्त्रातील पदवी माझ्याकडे आहे.

बरीच शोधाशोध करून तीन अभ्यासक्रम बाजूला काढले आहेत. पहिला एक वर्षाचा, पूर्णवेळ आहे. दुसरा दोन वर्षांचा, संपूर्ण ऑनलाइन आहे. तिसऱ्याच्या नावात सायबर सुरक्षेबरोबर ‘व्यवस्थापन’ हा शब्दही आहे. तिन्ही माहितीपत्रकांत पहिल्याच पानावर ‘मान्यताप्राप्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, मात्र कोणी आणि कशाला मान्यता दिली आहे याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पडताळणी यांचे उत्तर

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीवर मी काही वर्षे काम केले असल्याने हे थोडे सविस्तर लिहितो.

या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे संस्थेला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार असणे. त्याची खात्री त्या देशाच्या नियामकाच्या यादीवरून करून घ्यावी. विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर विसंबू नये. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि येथे शंका उरली तर पुढचे काही वाचण्याची गरजच नाही.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची. सायबर सुरक्षेचा तो विशिष्ट अभ्यासक्रम एखाद्या जाणकार संस्थेने आतून तपासलेला आहे काय? ब्रिटनमध्ये जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने 2014 मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रमाणित करण्यास सुरुवात केली आणि आता ते काम राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र, म्हणजे एनसीएससी, पाहते. तेथे ‘पूर्ण’ आणि ‘तात्पुरते’ असे दोन प्रकारचे प्रमाणन असते. अभ्यासक्रम कागदावर निकषांत बसतो, परंतु विद्यार्थ्यांची पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नाही, अशा वेळी तात्पुरते प्रमाणन मिळते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध अजून कोणी पाहिलेले नसतात, एवढे ध्यानात ठेवावे. फ्रान्समध्ये एएनएसएसआय ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था अशा अभ्यासक्रमांना ‘सेकन्यूमएज्यु’ नावाची मोहोर देते.

अमेरिकेत 1999 पासून एनएसए या गुप्तचर संस्थेच्या पुढाकाराने उत्कृष्टता केंद्रांची योजना चालू आहे आणि तिथेच पुष्कळांची गल्लत होते. त्या योजनेत सायबर संरक्षण, सायबर ऑपरेशन्स आणि संशोधन अशा वेगवेगळ्या नेमणुका, म्हणजे विद्यापीठाला मिळणारे दर्जे, आहेत. संशोधनासाठीची नेमणूक विद्यापीठाच्या संशोधनकार्याला असते, आपण ज्या वर्गात बसणार आहात त्या वर्गाला नव्हे. संरक्षणाच्या नेमणुकीतही आधी एखादा ठरावीक अभ्यासक्रम तपासला जातो आणि मग संस्थेला दर्जा मिळतो. म्हणून केंद्राचा दर्जा मिरवणाऱ्या विद्यापीठातील प्रत्येक सुरक्षाविषयक पदवी तपासलेली असते, असे मानणे चुकीचे आहे. एबीईटी या मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेबद्दलही लोक विचारतात. तिचा भर मुख्यतः पदवीपूर्व शिक्षणावर असल्यामुळे एखाद्या उत्तम पदव्युत्तर अभ्यासक्रमाजवळ तिची मान्यता नसेल तर दचकून जाऊ नये.

तिसरा प्रकार म्हणजे व्यावसायिक परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांशी केलेली भागीदारी. त्या कंपनीचे साहित्य वर्गात वापरले जाते, परीक्षाशुल्कात सवलत मिळते, आणि माहितीपत्रकात एक बोधचिन्ह वाढते. तिला शैक्षणिक मान्यता म्हणणे म्हणजे वह्या पुरवणाऱ्याने शाळेला मान्यता दिली असे म्हणण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. पदवीचे पूर्ण नाव, शिकवण्याची पद्धत, परिसर आणि प्रवेशाचे वर्ष या चार गोष्टी एका कागदावर लिहून घ्या आणि प्रमाणन देणाऱ्या संस्थेच्या यादीशी त्या अक्षरशः ताडून पाहा. ‘सायबर सुरक्षा’ प्रमाणित असते आणि ‘सायबर सुरक्षा व व्यवस्थापन’ नसते, जरी दोहोंतील बहुतेक विषय एकच असले तरी. काही वेळा प्रमाणन केवळ ठरावीक ऐच्छिक विषय घेणाऱ्यांनाच लागू असते आणि ती अट यादीतील तळटिपेत दडलेली असते. प्रमाणनाला मुदतही असते. आपले शिक्षण चालू असताना ती संपत असेल तर नूतनीकरणासाठी अर्ज केला आहे काय, हे लेखी विचारावे. आपल्या तिसऱ्या पर्यायाविषयी मला त्याच्या नावातील ‘व्यवस्थापन’ या शब्दामुळेच शंका वाटते.

रात्रपाळी यांचे उत्तर

पडताळणी यांचे म्हणणे बिनचूक आहे, तरीही मी थोडा विरोधी सूर लावतो. प्रमाणन अभ्यासक्रमाच्या आराखड्याची हमी देते. त्या खोलीत रोज काय घडते याची देत नाही. मी सुरक्षा नियंत्रण कक्षात पाळ्या करीत अंशकालीन पदवी घेतली. अभ्यासक्रम यादीत होता, संस्थाही नावाजलेली होती. डिजिटल न्यायवैद्यकाच्या, म्हणजे संगणकातील पुरावे शोधण्याच्या, विषयात मात्र आम्ही सबंध सत्र दुसऱ्या कोणीतरी डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) तपासतानाचे चित्रीकरण पाहिले आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्न सोडवले. एकदाही स्वतःच्या हाताने हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढून मूळ प्रतीशी जुळवला नाही.

याची किंमत एका मुलाखतीत मोजली. समोरच्या बाईंनी कागदावर एईएस या प्रचलित कूटपद्धतीने कूटबद्ध केलेले दोन संदेश मांडले. दोन्हींचे पहिले सोळा बाइट तंतोतंत सारखे होते. “यावरून काय कळते?” एवढेच त्यांनी विचारले. एईएसमध्ये किल्लीच्या लांबीनुसार 10, 12 किंवा 14 फेऱ्या असतात हे मला तोंडपाठ होते, पण त्या सोळा बाइटांकडे पाहून मला काहीही सुचले नाही. एईएस एका वेळी मजकुराचा जेवढा ठोकळा कूटबद्ध करते तो 128 बिटांचा, म्हणजे नेमका सोळा बाइटांचा असतो. तेव्हा दोन्हीकडे किल्ली एकच आहे आणि एकतर प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे कूटबद्ध करणारी ईसीबी पद्धत वापरली आहे किंवा दर संदेशाला नवे हवे असलेले सुरुवातीचे यादृच्छिक मूल्य पुन्हा वापरले गेले आहे, शिवाय दोन्ही मूळ संदेशांची सुरुवातही बहुधा सारखीच आहे, इतके सारे त्या एका ओळीवरून सांगता आले असते. हे पुस्तकात होतेच. हाताखालून गेले नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की प्रवेशविभागाकडे गतवर्षीची एक प्रयोगपुस्तिका आणि एक प्रश्नपत्रिका मागावी. विषयांची व्याप्ती तपासायची असेल तर ‘सायबॉक’ हा ज्ञानसंग्रह विनामूल्य उपलब्ध आहे. 2019 च्या पहिल्या आवृत्तीत त्यात 19 ज्ञानक्षेत्रे होती, 2021 च्या सुधारित आवृत्तीत 21 झाली. कोणतीही पदवी ही सर्व क्षेत्रे सारख्या खोलीने शिकवू शकत नाही. मात्र माहितीपत्रकातील विषय त्या यादीशेजारी ठेवले की अभ्यासक्रमाचा कल कायदा-धोरणाकडे आहे, प्रणालींकडे आहे की कूटशास्त्राकडे, ते चटकन दिसते.

कोरी पाटी

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका विचारतो. ऑनलाइन पदवीकडे कमी प्रतीची म्हणून पाहिले जाते काय? आणि पुढे सीआयएसएसपी हे सुरक्षाक्षेत्रातील व्यावसायिक प्रमाणपत्र घेण्याचा विचार असल्यामुळे, पदव्युत्तर पदवीचा त्यासाठी उपयोग होईल काय?

प्रबंधवाचक यांचे उत्तर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते आपल्याला आवडणार नाही. सीआयएसएसपीसाठी आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा सशुल्क कामाचा अनुभव लागतो. संगणकशास्त्रासारखी पदवी असेल तर त्यातील एक वर्ष माफ होते. परंतु ही सूट एकदाच मिळते. आपल्याजवळ ती पदवी आधीच असल्यामुळे पदव्युत्तर पदवीने त्यात आणखी भर पडणार नाही. आपला नेटवर्कचा अनुभव एका क्षेत्रात धरता येईल. दुसरे क्षेत्र कोणते दाखवणार, याचा विचार पदवीच्या विचारापेक्षा वेगळा करावा लागेल. व्हीपीएनवरील ओळख-पडताळणी आणि प्रवेशाधिकार आपणच सांभाळत असाल तर त्या कामाच्या नोंदी आतापासून जपून ठेवा.

ऑनलाइनविषयी सरसकट विधान करता येत नाही. जॉर्जिया टेकने 2019 पासून चालवलेली सायबर सुरक्षेची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी ही तेथील नियमित पदवीच आहे. तरीही एका देशातील ऑनलाइन पदवी दुसऱ्या देशात सरकारी नोकरीसाठी अथवा पीएचडीसाठी समकक्ष धरली जाईलच असे नाही. असा बेत असेल तर शुल्क भरण्याआधी समकक्षता ठरवणाऱ्या प्राधिकरणाला लिहून उत्तर हाती ठेवावे. दूरध्वनीवरचे आश्वासन कामाला येत नाही.

एक गोष्ट या चर्चेत अद्याप आली नाही, ती म्हणजे प्रबंध. ब्रिटिश पद्धतीच्या एमएससीमध्ये एकूण 180 श्रेयांकांपैकी साधारणपणे 60 त्याचे असतात, म्हणजे तृतीयांश पदवी तिथेच असते. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात आणि विषय तुम्ही सुचवायचा की यादीतून निवडायचा, हे जरूर विचारा. नैतिकता समितीच्या परवानगीला किती वेळ लागतो, हेही विचारा. माझ्याकडील एका विद्यार्थ्याला खऱ्या कर्मचाऱ्यांना बनावट फिशिंग संदेश पाठवून त्यांचे वर्तन अभ्यासायचे होते. माणसांवरचा अभ्यास म्हटल्यावर परवानगी आवश्यकच होती, आणि ती येईपर्यंत त्याचा अर्धा उन्हाळा सरला. अखेर त्याने जुन्या संदेशांच्या संग्रहावर काम केले. प्रबंध चांगला झाला, पण त्याला जे शोधायचे होते ते हे नव्हते.

कोरी पाटी

सर्वांच्या सूचनांनुसार तिन्ही ठिकाणी लिहिले होते, त्याची माहिती देतो. तिसरा अभ्यासक्रम कोणत्याच यादीत सापडला नाही. त्याची ‘मान्यता’ म्हणजे परीक्षा घेणाऱ्या एका कंपनीशी केलेला करार निघाला. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या कार्यालयाने प्रयोगपुस्तिकेऐवजी तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवले. पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे प्रमाणन तात्पुरते आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि सोबत न्यायवैद्यकाची एक प्रयोगपत्रिकाही जोडली. तिच्यात विंडोज संगणकाच्या मेमरीची प्रत दिली असून पहिला प्रश्न असा आहे: ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या प्रक्रियांपैकी एकीची जनक प्रक्रिया (तिला सुरू करणारी) नेहमीप्रमाणे ‘सर्व्हिसेस’ नसून ‘एक्सप्लोरर’ का आहे? काल संध्याकाळपासून मी त्यावरच बसलो आहे.