ब्रीडिंगमधून काढलेली मोठी कुत्री विकत घेणं, बरोबर की चूक?

झिपरी:
आम्हाला कुत्रा घ्यायचाय पण पिल्लू नको, रात्रीबेरात्री उठणं आणि चपला-सोफा कुरतडून घेणं आता झेपणार नाही. एका ब्रीडरकडे चौकशी केली तर ती म्हणाली पिल्लं आत्ता नाहीयेत पण ५ वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आहे, तीन वेळा व्यालीये, आता तिला ब्रीडिंगमधून काढायचंय, हवी तर न्या. किंमत पिल्लापेक्षा बरीच कमी. बघून आलो, कुत्री एकदम गोड, हाताला नाक लावलं आणि पायाशीच बसली. नवरा तर तिथेच विरघळला.

पण मला कुठेतरी खटकतंय. जिच्या जिवावर एवढी वर्षं धंदा केला तिला काम संपलं म्हणून विकायचं आणि वर पैसेही घ्यायचे? आणि ते पैसे देऊन आपणही ह्या प्रकाराला हातभार लावतोय का? दुसरीकडे असंही वाटतं की तिथे राहण्यापेक्षा आमच्याकडे बरी राहील. ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी सांगा. उगाच भावनिक होतेय असं वाटलं तर तेही सांगा.

तिखटमीठ:
भावनिक काही नाही, बरोबर खटकतंय. जिच्याकडून पिल्लं घेतली तिचं म्हातारपण तुम्ही बघा. जागा नसेल तर कमी माद्या ठेवा, एवढं सोपं आहे. जाहिरातीत हे लोक आमची कुत्री म्हणजे फॅमिली असं लिहितात आणि पिल्लं द्यायची थांबली की फॅमिलीलाच गिऱ्हाईक शोधतात. तिला तिची माणसं, सोबतची कुत्री, झोपायची जागा सगळं एका दिवसात सोडायला लावायचं, तिला काय कळणार रिटायरमेंट. मी घेतली असती, पण एक पैसा दिला नसता.

उंबरठा:
मी काही वर्षं ब्रीडिंग केलंय, आता बंद केलं, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय.

सगळ्या म्हाताऱ्या स्वतःकडे ठेवा हे ऐकायला छान वाटतं. पण एका घरात आठ-दहा मोठी कुत्री झाली की प्रत्येकीच्या वाट्याला काय येतं? वेळेवर खाणं, साफ जागा आणि डोक्यावरून पाच मिनिटं हात. त्यात दोन माद्यांनी एकमेकींशी वैर धरलं तर ते बऱ्याचदा मिटतच नाही, मग आळीपाळीने बाहेर काढायचं, म्हणजे एक मोकळी तेव्हा दुसरी बंद. तीच कुत्री दुसऱ्या घरी एकुलती एक म्हणून राहिली तर वाईट काय झालं? आणि द्यायचीच तर ५ व्या वर्षी दिलेली बरी, अजून पाच-सात वर्षं हातात असतात. ९ व्या वर्षी फार कोणी नेत नाही. ब्रिटनचा केनेल क्लब, म्हणजे तिथली कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था, एका मादीची चारच लिटर (म्हणजे वेतं) नोंदवतो आणि ती आठ वर्षांच्या पुढे व्याली तर ती पिल्लं नोंदवत नाही, पण ती शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत ताणलंच पाहिजे असं थोडंच आहे.

आता तिखटमीठ यांच्या बाजूने एक गोष्ट. लवकर थांबवणं मादीसाठी चांगलं, आणि ब्रीडरच्याही फायद्याचं, कारण एक जागा रिकामी झाली की नवी मादी येते. त्यामुळे मनापासून करणारा आणि नुसतं चक्र फिरवणारा असे दोघंही लांबून सेम दिसतात. ओळखायचे कसे, तर विचारा की ज्यांना कोणी नेलं नाही त्या माद्या कुठे आहेत? नीट ब्रीडरकडे एखादी तरी म्हातारी घरात लोळत असते, दात पडलेली, काही उपयोगाची नसलेली. आणि दुसरं, उद्या आम्हाला नाही जमलं तर परत घ्याल का, तीन वर्षांनी आलो तरी? इथे अडखळली तर समजून जा.

पैशाचं म्हणाल तर नसबंदीचं ऑपरेशन, दात, लसी याचा खर्च घेतला तर माझी हरकत नाही. अगदी फुकट म्हटलं की कोण येईल सांगता येत नाही, नेऊन पुन्हा गाभण ठेवणारेही येतात.

तिखटमीठ:
पुन्हा गाभण ठेवणारे येतात म्हणूनच तर ऑपरेशन करून मग द्यायची ना. तुम्ही नंतर करून घ्या असं म्हणून हात झटकणारेच मला जास्त भेटलेत.

सुईदोरा:
मी व्हेट क्लिनिकमध्ये काम करते, नैतिक काय ते तुम्ही ठरवा पण ह्या वरच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. प्रत्येक माजानंतर, मादी गाभण राहो न राहो, साधारण दोन महिने तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वयाबरोबर पायोमेट्राचा धोका वाढतो, म्हणजे गर्भाशयात पू. माज संपल्यावर काही आठवड्यांनी कुत्री अचानक खूप पाणी पिते, खात नाही, उलट्या करते. कधी खालून स्राव दिसतो, कधी गर्भाशयाचं तोंड बंद असल्याने काहीच दिसत नाही, आणि तो प्रकार जास्त वाईट. नवीन मालकाला शेवटचा माज कधी झाला हेच माहीत नसतं त्यामुळे घर बदललं म्हणून गप्प असेल असं धरून चालतात आणि उशीर होतो. ऑपरेशन आधीच झालेलं असेल तर हा विषयच संपतो. फक्त माजात असताना किंवा पिल्लांचं दूध आटायच्या आधी घाई करत नाहीत, थोडं थांबतात.

स्तनाच्या गाठींना मात्र एवढ्या उशिराच्या ऑपरेशनचा फारसा फायदा नसतो, त्या पोटावरून हात फिरवून नियमित तपासत राहायच्या.

ब्रीडिंगची कुत्री म्हटलं की ब्रुसेला कॅनिस ह्या जंतूची टेस्ट मागाच. समागमातून आणि गर्भपाताच्या स्रावातून पसरतो, माणसालाही होऊ शकतो, आणि अँटिबायोटिक देऊनही कुत्र्यातून पूर्ण जाईलच याची खात्री नसते. शिवाय लॅब्रॅडॉर आहे म्हणजे हिप आणि एल्बोचे एक्सरे असायलाच हवेत. तीन लिटर घेतली आणि एक्सरे काढलेच नाहीत असं निघालं तर ब्रीडर कसली आहे ते कळलंच. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) असेल तर ती तुमच्या नावावर करून घ्या, हे लोक हमखास विसरतात.

पायपुसणं:
आमच्याकडे अशीच आलेली बीगल आहे. एवढंच विचारा की ही घरात राहायची की केनेलमध्ये. आमचीने घर बघितलंच नव्हतं. जिना चढता येईना, गुळगुळीत फरशीवर पाय टाकेना, मिक्सर लावला की कॉटखाली. शी-शू कुठेही, कारण झोपायचं तिथेच करायची सवय. आता बरी आहे, पण पाहुणे आले की अजूनही आतल्या खोलीत जाऊन बसते.

२०११ मध्ये फ्रँकलिन मॅकमिलन आणि जेम्स सर्पेल वगैरे संशोधक मंडळींनी मोठ्या व्यावसायिक केनेलमधून काढलेल्या हजारावर कुत्र्यांचा अभ्यास केला होता, त्यातही घरातल्या कुत्र्यांच्या मानाने भीती खूप जास्त आणि घरात घाण करणंही जास्त दिसलं होतं, अनोळखी माणसांवर धावून जाणं उलट कमी. तुमची नाक लावून बसली म्हणजे माणसांत वाढलेली वाटते, पण अनोळखी माणसाला भेटणं वेगळं आणि अनोळखी घरात राहणं वेगळं. पहिले काही महिने दार उघडताना नेहमी एकाने तिला धरायचं, बाहेर हार्नेस आणि लांब दोरी. घाबरून पळाली तर हाकेला येणार नाही, तुमच्या तोंडचं नाव तिला ओळखीचं तरी कुठे असणार.

झिपरी:
सगळ्यांना थँक्यू. आज फोन केला होता. एक्सरे आहेत, पाठवले पण. कुत्री घरातच राहते, आणि दोन म्हाताऱ्या माद्याही आहेत म्हणाली, त्या गेल्या वेळी तिथेच सोफ्यावर होत्या, मी त्यांना पाहुणे समजले. परत घ्यायला तयार आहे. पण ऑपरेशन तुमच्याकडेच करून घ्या, हवं तर तेवढे पैसे कमी करते असं म्हणते. ब्रुसेलाचं नाव काढल्यावर जरा चिडली.

उंबरठा:
चिडली तरी टेस्ट करून घ्या, खर्च मी करते म्हणा, मग नाही कशाला म्हणेल. ऑपरेशनला घाई नको पण तारीख आणि कोणी करायचं ते कागदावर घ्या, परत घेण्याचंही त्याच कागदावर. आणि शेवटचा माज कधी झाला ते विचारलंत का?

झिपरी:
नाही विचारलं!! उद्या सकाळी करते फोन.