पिकअपवर कॅम्पर बसवलाय, टायर 215 चेच घेऊ का 235 चे?

औशाचा_पिकअपवाला
नमस्कार मंडळी. माझी एक टनी पिकअप आहे, मागच्या हौद्यावर फॅब्रिकेशनवाल्याकडून कॅम्पर केबिन बनवून घेतलीय, आत पलंग, शेगडी, बॅटरी, 120 लिटरची पाण्याची टाकी असं सगळं. आई-बाबांना घेऊन माहूर, औंढा, परळी फिरायचं आणि रात्री कुठंबी मुक्काम करता यावा म्हणून केलंय (गाडी चालू असताना मागं कुणी बसत नाही, तिघंबी पुढंच). आता टायर झिजलेत. कंपनीचा साईज 215/75 आर 15 (215 मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, 15 इंची रिम), एलटी म्हणजे लाइट ट्रकचा, 8 पीआर म्हणजे 8 प्लाय रेटिंगचा, मजबुतीचं माप. दुकानवाला म्हणायलाय 235/75 आर 15 टाका, एसयूव्हीचा रुंद टायर आहे, वजन जास्त पेलतंय, याच रिमला बसतंय आणि गाडीचं डोलणंबी कमी होईल. वळणावर केबिनमुळं गाडी डोलतीय हे खरंय. काय करावं? उन्हाळ्याच्या आधी बदलायचेत.

जालना_मोंढा
दादा, रुंदीवर जाऊ नका. टायरच्या बाजूवर साईजच्या पुढं एक आकडा असतो, लोड इंडेक्स, तो वाचा. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 105 म्हणजे 925, 106 म्हणजे 950. तुमचा 8 पीआरचा एलटी टायर बहुतेक 106 चा निघंल, म्हणजे 950. दुकानवाला दाखवतोय तो 235 चा एसयूव्ही टायर 105 चा असंल तर कागदावरच 925. आणि त्यात बी गोम अशी की एसयूव्हीचा टायर हा कारच्याच जातीचा, आणि कारचा टायर पिकअपला लावला की त्याची क्षमता 1.10 नं भागून धरतात, मग उरतात साधारण 840. म्हणजे टायर रुंद आणि पेलणार कमी! डोलण्याचं म्हणाल तर कारच्या टायरची बाजूची भिंत नरम असते, उंच केबिन घेऊन वळलात की ती अजून दबती, डोलणं वाढंल, कमी नाही व्हायचं.

पण आधी वजन करा हो. टाकी भरून, डिझेल फुल, सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, तिघं जण बसून, अशी भरली गाडी मोंढ्यातल्या नाहीतर जिनिंगच्या काट्यावर घाला. एकदा अख्खी गाडी, मग फक्त मागची दोन चाकं, आणि काटेवाला ऐकत असंल तर मागचं एकेक चाक सुद्धा. हे आकडे हातात नसताना टायर घेणं म्हणजे नुसता अंदाज.

परभणी_७०
वरच्यांशी सहमत. एक जोडतो, उन्हाचं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला जातोच, खालचा डांबरी रोड त्याच्याहून तापतो, त्यात टायरवर वजन जास्त आणि हवा कमी असली की टायरची भिंत सारखी दुमडती, आतून गरम होती आणि मग फुटती. म्हणून हवा सकाळी थंड टायरलाच चेक करायची. पंपावर पोचेपर्यंत गरम झालेल्या टायरमधली हवा जास्त दिसती म्हणून लोक सोडून देतात, ते अजिबात करू नका, भरल्या गाडीत तर नाहीच. आणि टायर घेताना तारीख बघा, बाजूवर चार आकडे असतात, 2325 असंल तर 2025 सालचा 23 वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. मागं रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) टाकायचा विचार असंल तर या गाडीला नको, खरंच नको.

बीड_घाटवाला
235 घेतला तर अजून एक. 215/75 आर 15 ची उंची 703 मिलिमीटरच्या आसपास, 235/75 ची 733, म्हणजे 4 टक्क्यांच्या वर फरक. मीटर 80 दाखवतंय तेव्हा गाडी खरी 83 वर पळती, आणि चाक मोठं झालं की गिअर लांब पडतात, मांजरसुंब्याच्या घाटात भरली गाडी घेऊन चढताना ते लगेच जाणवतंय. केबिन आरसीवर चढवून घेतलीय का? मोटार वाहन कायद्याचं 52 कलम याच गोष्टीचं आहे, आरटीओत विचारून कागद नीट करून घ्या, इन्शुरन्सच्या वेळी तेच बघतात.

औशाचा_पिकअपवाला
लई आभार सगळ्यांचे. केबिनचा अर्ज आरटीओत दिलाय. काट्यावर जाऊन आलो. एकूण 2600, पुढं 1040, मागं 1560, आरसीवरच्या ग्रॉस वेटच्या (भरल्या गाडीच्या कमाल वजनाच्या) आतच आहे पण थोडंच. मागचं डावं चाक 850, उजवं 710. एवढा फरक कशानं?

जालना_मोंढा
बहुतेक पाण्याच्या टाकीनं. 120 लिटर म्हणजे 120 किलो, आणि टाकी डाव्या भिंतीला असणार. बघा बरं, डाव्या चाकावर 850 आहे आणि तो 235 वाला 840 च धरायचा, म्हणजे नवा टायर पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड. 215/75 आर 15 एलटी 8 पीआरच घ्या, दुसरं काही नको. टाकी मधोमध, मागच्या एक्सलच्या थोडी पुढं सरकवा, एवढ्यानंच डोलण्यात फरक पडंल. आणि 950 किलो हे 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला असतंय, 50 ला साधारण 800 च, म्हणून मागं कारसारखी 35 हवा ठेवून चालणार नाही. टाकी सरकवून दोन्ही बाजू 780 च्या आसपास आल्या तर मागं 55 ठेवा, तरी टायर कंपनीचा हवा-वजनाचा चार्ट एकदा बघून घ्या, रिमची मर्यादा पण. पुढं दरवाज्याच्या स्टिकरवर असंल तेवढीच.

आणि पाचवा पण तोच घ्या. जुनी कारची स्टेपनी मागं लावून माहूरहून परत यायची वेळ आली तर तीन टायर बरोबर घेऊन उपयोग काय. नांदेडच्या पुढं आडवाटेला रात्री 8 पीआरचा टायर मिळत नाही.