चिमण्यांसाठी घरच्या घरी फीडर कसा करायचा? (कबुतरं नकोत!)

खिडकीवाली:
मंडळी, मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहते. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्यासाठी लेकीला घरातल्या वस्तूंचा फीडर करून शाळेत न्यायचाय. नंतर तो आमच्याच खिडकीत लागणार. गेल्या वर्षी ग्रिलमध्ये ताटली ठेवली, तर दोन दिवसांत कबुतरांची पंगत बसली आणि खालच्या काकू घाण झालेली चादर घेऊन दारात! चिमण्या-बुलबुल येतील पण कबुतरं नाही, असं काही जमतं का?

बोरिवलीकर:
ताई, ताटलीनेच घात केला. सपाट जागा दिसली की कबुतर टेकलंच. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. दाभण (जाड सुई) तापवून खालच्या बाजूला आरपार भोकं पाडा (हे लेकीला देऊ नका) आणि त्यातून पेन्सिल घाला. दोन्हीकडे दोन-अडीच बोटंच बाहेर राहते, चिमणीला तेवढी पुरते. लाकडी चमचे घालायचे व्हिडिओ असतात, पण तो चमचा म्हणजे कबुतराला पाटच. पेन्सिलीच्या वर दोन बोटांवर वाटाण्याएवढं भोक पाडा. बुडाला बारीक छिद्रं हवीतच, नाहीतर पाणी साचून दाणा कुजतो. सुतळीने मोकळी टांगा, ग्रिलला टेकवू नका. झुलत्या बाटलीवर कबुतराला सहसा तोल जमत नाही.

गिरगावची_आजी:
बाजरी, राळे नाहीतर तांदळाची कणी घाल गं. फरसाण, खारं काही नको. बुलबुल दाण्याला यायचा नाही, त्याला करवंटीत पपईची फोड ठेव. संध्याकाळी उरलेली काढून टाक, मुंग्या लागतात.

दादरकर:
सकाळी मूठभरच घाला. सांडलं की खाली कबुतरं जमतातच. २०२५ मध्ये आमच्याकडचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हाचा गोंधळ आठवतोय ना? कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं बिघडतात, त्यामुळे सोसायटीतली कुरकुर अगदीच खोटी नसते. आणि दाण्यापेक्षा पाण्याचं मातीचं भांडं ठेवा, मे महिन्यात त्याचीच जास्त गरज.

खिडकीवाली:
अपडेट: नऊ दिवस कोणी फिरकलं नाही. आज चिमणी आली! बाजरीकडे बघितलंही नाही, सुतळीचा धागा उपटून घेऊन गेली. आता नायलॉनची दोरी लावू का?

बोरिवलीकर:
नायलॉन नको, बारीक दोऱ्यात पाय अडकतात. सुतळीच ठेवा, झिजली की बदला.