मदत हवी आहे : कन्नड लेआउटवर गेलं की कीबोर्डची लाईट विझते, उबुंटू

नमस्कार मंडळी, बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं आणि आता जास्त करून बोर्ड. 2024 पासून पाट्यांवर 60 टक्के कन्नड लागतंय त्यामुळं दिवसभर मराठीवरून कन्नड, कन्नडवरून मराठी असं लेआउट बदलत बसायचं. मराठी मला न बघता येतं, कन्नडला खाली बघावंच लागतं, म्हणून कीजवर पारदर्शक कन्नड स्टिकर लावलेत. रात्री करंट गेलं की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालतो, ट्यूब नाही, म्हणून खालून लाईट लागणारा यूएसबी कीबोर्ड आणला, स्वस्तातला, नावबीव काही नाही त्याच्यावर.

विंडोजवर स्क्रोल लॉक दाबलं की लाईट लागते, उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) ते बटण दाबून काहीच होत नाही. नेटवर शोधलं तर निम्मे सल्ले हॅल (हार्डवेअर ओळखणारं लिनक्सचं जुनं सॉफ्टवेअर) बसवा म्हणणारे, त्याच्या कीबोर्ड बॅकलाइटला सेट-ब्राइटनेस पाठवा वगैरे. ते हॅल कधीच मोडीत निघालंय, त्याचं काम आता युडेव्ह (जोडलेली उपकरणं ओळखणारं) आणि युपॉवर (बॅटरी, लाईट बघणारं) बघतात. युपॉवरला विचारलं तर त्याला माझी लाईट दिसतच नाही. मग सिस, त्यात क्लास, त्यात लेड्स अशा फोल्डरात गेलो तर तिथं लॅपटॉपसारखं केबीडी-बॅकलाइट नावाचं काही नाही, फक्त कॅप्सलॉक, नमलॉक, स्क्रोललॉक. स्क्रोललॉकच्या ब्राइटनेस फाईलीत सुडो आणि टी या कमांड लावून (अ‍ॅडमिनच्या हक्कानं) 1 लिहिलं, झक्क लागली की लाईट!

कीबोर्ड काढून परत लावला की त्या दिव्याच्या नावातला इनपुटचा नंबर बदलतो, म्हणून कीबोर्ड लावला की लाईट लागेल असा युडेव्हचा रूल लिहिला, नंबराच्या जागी स्टार टाकून. तेवढं बरोबर चालतंय. पण कॅप्स दाबलं किंवा लेआउट बदललं की लाईट बंद, म्हणजे नेमकं कन्नडवर गेलो की अंधार! एक्ससेट लेड ही कमांड पण करून बघितली, पण वेलँडवर (उबुंटूच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर) ती चालत नाही. कायमची चालू ठेवायला काय करू?

प्रतिसाद :

दादा, युडेव्हचा यात दोष नाही, त्याचं काम कीबोर्ड लावला तेव्हाच संपलं. लेआउट किंवा कॅप्स बदललं की डेस्कटॉप तिन्ही दिवे आपल्या हिशोबानं परत लिहितो, आणि त्याच्या हिशोबात स्क्रोल लॉक बंदच असतं, कारण ते बटण कुठल्या मॉडिफायरला (शिफ्ट, कंट्रोलसारख्या कीला) जोडलेलंच नाही. युपॉवर फक्त केबीडी-बॅकलाइट नावाचेच दिवे बघतं, त्यामुळं तिकडून काही होणार नाही. एक्सकेबीच्या (कीबोर्ड लेआउट ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) सिम्बॉल्स फोल्डरातल्या पीसी फाईलीत स्क्रोल लॉकला मॉड-3 या मॉडिफायरशी जोडणारी मॉडिफायर-मॅपची ओळ घाला आणि लॉगआउट करून परत या. मराठी-कन्नड कुठलंही असू दे, ती फाईल सगळ्यांच्या खाली असते. मग बटण दाबूनच लाईट लावायची, डेस्कटॉपलाच ती चालू आहे हे माहीत असतं. फाईलीची कॉपी आधी काढा, पॅकेज अपडेट झालं की तुमची ओळ जाते.

फाईलीला हात लावायचा नसेल तर ब्राइटनेस-सीटीएल (लाईट कमीजास्त करणारी कमांड) टाका, डिव्हाइसच्या नावात स्टार चालतो, आणि ती कमांड एका शॉर्टकटवर बसवा. लेआउट बदलल्यावर दरवेळी दाबावं लागेल तेवढंच.

धागाकर्ता :

धन्यवाद सर, पहिलंच करतो. दिवसाला शंभरदा शॉर्टकट कोण दाबत बसणार. दुकान बंद करताना करतो, आत्ता गिऱ्हाईक बसलंय. मॉड-3 आधीच दुसऱ्या कशाला लागलेलं असलं तर कुठं बघायचं तेवढं सांगून ठेवा.